पिवळा दिवा विझेपर्यंत

रविवारी सकाळी साडेसात वाजता नाशिकच्या उपनगर भागातल्या आमच्या इमारतीतून गाडी बाहेर काढली, तेव्हा कुठे जायचे हे ठरले नव्हते. किती वेळ चालवायची, एवढेच ठरले होते. आडगाव सुटले की पुढे वीस-पंचवीस मिनिटे, न थांबता, आणि मग परत. कोणी गावाला निघते, कोणी देवाला निघते; मी गाडीच्या फिल्टरमध्ये साचलेली काजळी जाळायला निघालो होतो. शेजारच्या सीटवर बाबा होते. त्यांनी बूट घातले होते आणि दाढी केली होती. नाशिकला राहायला आल्यापासून सकाळी सातला त्यांची दाढी झालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

झाले असे की, गुरुवारी शाळेतून परत येताना गाडीच्या काचेखालच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. चार महिन्यांत दुसऱ्यांदा. द्वारका चौकाजवळ शकीलभाईंचे गॅरेज आहे, तिथे गेलो. त्यांनी एक यंत्र जोडून पाहिले आणि विचारले, “सर, रोज किती चालवता?”

“शाळा चार किलोमीटर. जायला चार, यायला चार.”

“आणि चालवता कशी?”

मी जरा अभिमानानेच म्हणालो, “एकदम जपून. चाळीसच्या वर नेत नाही. सिग्नलला बंद करतो.”

शकीलभाईंनी फडक्याला हात पुसले. “तेच तर. जपून जपून मारली तुम्ही गाडी.”

मग त्यांनी समजावून सांगितले. नव्या डिझेल गाड्यांना धूर गाळायला खाली एक फिल्टर असतो. गाडी पळाली, चांगली तापली, की त्यातली काजळी आपोआप जळून जाते. माझी गाडी तापायच्या आतच घरी येऊन उभी राहते, म्हणून काजळी साचत जाते. “हायवेला न्या. चौथ्या गिअरात सत्तरवर ठेवा. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. दिवा विझेपर्यंत थांबू नका,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि खरं सांगू का सर? विकून टाका. तुमच्या कामाला पेट्रोल बरी. ही गाडी नाशिक-मनमाड करणाऱ्या माणसाची आहे.”

नाशिक-मनमाड करणारा माणूस मीच होतो.

जपून वापरण्याबद्दल मला थोडे सांगितले पाहिजे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि चारचाकी घेतलेलाही पहिलाच. आमच्याकडे चांगली वस्तू आली की तिला हात लावायचा नाही, ही तिची सेवा समजली जाते. आठवीत मला बक्षीस म्हणून शाईचे पेन मिळाले होते. ते मी दहावीच्या परीक्षेसाठी राखून ठेवले, आणि परीक्षेत ते उमटलेच नाही. आत शाई वाळून दगड झाली होती. गाडीच्या सीटना दुकानदाराने नवे कापड लावून वर चढवलेले प्लॅस्टिकही मी दोन वर्षे काढले नव्हते. उन्हाळ्यात पाठ चिकटायची, पण सीट नवी राहायची.

गाडी घेतली तेव्हा आई आणि बाबा मनमाडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होते. बाबा रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रुळांना खालच्या आडव्या स्लीपरशी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज सकाळी ठरलेल्या टप्प्यातून चालत जायचे, ढिली चावी दिसली की ठोकायची, आणि तेवढेच अंतर चालत परत यायचे. बाबांनी आयुष्यभर हेच केले. मी दर रविवारी त्यांना भेटायला जाणार होतो. जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर, म्हणून डिझेल परवडेल असा माझा हिशेब होता. सुजाता, माझी पत्नी, पेट्रोलच्या बाजूची होती. ती म्हणाली होती, “गाडी रोजचा रस्ता बघून घ्यावी. रविवारचा बघून नाही.”

शेवटी गाडी निवडायला आम्ही बाबांना नाशिकला बोलावले. जुन्या गाड्यांच्या दुकानात एकाच कंपनीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक पेट्रोल, एक डिझेल. विक्रेत्या मुलाने पेट्रोलची चालू केली आणि कौतुकाने म्हणाला, “काका, बघा, चालू आहे हे कळतसुद्धा नाही!”

“तीच तर भानगड हाय,” बाबा म्हणाले.

मग त्याने डिझेलची चालू केली. बाबांनी डोळे मिटले. घरघर अंगणभर पसरली. बाबा म्हणाले, “ही घे. जे ऐकू येतं त्याचा भरवसा असतो.”

तो मुलगा हसला. मी हसलो नाही. रुळावर वाकून काम करणाऱ्या माणसाला डिझेल इंजिन मैलभरावरून ऐकू येते. विजेचे इंजिन अंगावर येईपर्यंत कळत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होते. बाबांच्या टोळीतला एक माणूस असाच गेला होता.

आठ महिने मी दर रविवारी मनमाडला गेलो. मग आई आठ दिवसांच्या आजारात गेली. त्यानंतर वर्षाने बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावे लागले, आणि ते आमच्याकडे आले. रविवारचा रस्ता संपला. उरला तो रोजचा, चार किलोमीटरचा. पाथर्डी फाट्यावरच्या दुकानात आम्ही एक पेट्रोल गाडी पाहून ठेवली होती. दुकानदार अदलाबदलीला तयार होता, आणि सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला होता. हे सगळे घरात बोलले गेले तेव्हा बाबा भिंतीकडे बघत बसले होते. “तुम्हाला काय वाटतं?” असे मी दोनदा विचारले. “तुमची गाडी, तुम्ही बघा,” एवढेच ते म्हणाले. पण रविवारी मी किल्ली घेतली, तेव्हा ते बूट घालून दारात उभे होते.

“मी येतो. आवाज ऐकायला कुणीतरी लागंल.”

आडगाव सुटले. रस्ता मोकळा होता. मी गाडी चौथ्या गिअरात घातली आणि सत्तरवर नेली. इंजिन एवढ्या जोराने बोलू लागले की मला कसेतरीच वाटले. दोन वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. एक मोटारसायकलवाला शेजारून जाताना ओरडला, “भाऊ, गिअर टाका की वरचा!”

“त्याला काय कळतंय,” बाबा म्हणाले. “चालू दे. गाती हाय ती.”

ओझरनंतर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. काही बागांत घडांना कागद गुंडाळलेले होते. लांबून वेलींना चिठ्ठ्या टांगल्यासारखे दिसत होते. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर सोमवारच्या बाजारासाठी आदल्या दिवशीच निघाले होते. बाबांनी खिडकी खाली केली. घरात ते दिवसभर पंख्याखाली बसायचे. आम्हीच त्यांना बसवायचो. दूध मी आणायचो, गॅसला हात लावू नका म्हणायचो, भाजीला जाऊ नका म्हणायचो, रस्ता ओलांडू नका म्हणायचो. शकीलभाईंचे शब्द तेव्हा मला पुन्हा ऐकू आले, आणि ते गाडीबद्दलच होते असे मला वाटेना.

पिंपळगावचा टोलनाका दिसायला लागला, तेव्हा पिवळा दिवा विझला. अगदी आवाज न करता. काम झाले होते. पुढे पिंपळगावला वळण घेऊन दहापर्यंत घरी पोचता आले असते.

बाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी समोर बघतच विचारले, “विझला का रे?”

मी म्हणालो, “अजून नाही.”

माझ्या वडिलांशी मी मोठेपणी बोललेले हे पहिले खोटे. का बोललो, ते मला तेव्हा सांगता आले नसते. पुढचा रस्ता दिसत होता, एवढेच.

टोल ओलांडल्यावर रस्त्याकडेला द्राक्षांची दुकाने होती. बाबांना उतरायचे होते म्हणून थांबलो. गाडी बंद केली तरी तिचा पंखा जोरात फिरत राहिला आणि गरम लोखंडासारखा वास सुटला. द्राक्षे विकणारी बाई तराजू सोडून उठली.

“ओ दादा, पेटती की काय गाडी तुमची? माझ्या मालापासून लांब घ्या!”

“पेटत नाय, ताई,” बाबा तिला म्हणाले. “तिचा ताप उतरतोय.”

“मग डॉक्टरकडं न्या. इथं कशाला आणली?”

बाबा हसले. मोठ्याने. मी पैसे देता देता थांबलो. हे हसणे मी जवळजवळ विसरलो होतो. बाईने एक घड वरून टाकला आणि म्हणाली, “घ्या बाबा, तुमच्या आजारी गाडीसाठी.”

चांदवडला घाटाखाली चहाची टपरी होती. तिथे भत्ता (चुरमुरे, शेव, शेंगदाणे आणि चिरलेला कांदा) घेतला. समोर डोंगराच्या उघड्या कड्यांवर ऊन आले होते. इथून सरळ रस्ता मालेगावकडे जातो आणि उजवा मनमाडला. बाबांनी भत्त्याचा कागद चुरगळला आणि शांतपणे म्हणाले, “टोलनाक्याच्या अलीकडंच विझला.”

मला चहाचा ठसका लागला. “तुम्हाला दिसला?”

“सगळी जिनगानी सिग्नल बघण्यात गेली, मिलिंद. पिवळा गेलेला कळत नाय व्हय मला? एक डोळा चांगला हाय अजून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाय बोलला?”

टपरीवाला दोघांकडे बघत होता. मी म्हणालो, “बाबा, तुमच्याकडे रेल्वेचा पास आहे. फुकट येता येतं मनमाडला. एकदाही का नाही आलात?”

बाबांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “पासवर येऊन काय करू? स्टेशनात उतरलो की पाय क्वार्टरकडं जातील. पायाला कुठं माहीत हाय तिथं कुणी नाय ते. गाडीत कसं, बसून राहता येतं. नाय उतरावं वाटलं तर नाय उतरलं.”

मी गाडी उजवीकडे वळवली.

मनमाडच्या पुलावर नेहमीची कोंडी होती. पाऊण तास आम्ही एका टँकरच्या मागे उभे होतो. डावीकडे लांब हडबीची शेंडी (अंगठ्यासारखा उभा सुळका) दिसत होती. लहानपणी मी तिला दिशा दाखवणारा दगड समजायचो. शाळेतून येताना ती खांद्यामागे असली की मी बरोबर वाटेवर असे. बाबा पुलावरून खालचे रूळ बघत होते. खाली एखाद्या गाडीने रूळ बदलला की त्यांची मान तेवढ्यापुरती वळत होती.

क्वार्टरच्या रांगेपाशी गाडी उभी केली. मला वाटले, बाबा उतरणार नाहीत. ते पाच मिनिटे तसेच बसले. मग दार उघडून उतरले.

आमच्या दाराला आता निळा रंग होता. ओट्यावर एक तरुण बुटाला पॉलिश करत बसला होता. बाबांना बघून तो उभा राहिला.

“जय भीम. कुणाकडं आलात, काका?”

“जय भीम. कुणाकडं नाय. इथं राहत होतो मी. चावीवाला होतो.”

“भालेराव काका? हातोडा टाळीसारखा वाजवायचे, ते?” तो ओट्यावरून खालीच उतरला. “आमच्या टोळीत अजून नाव काढत्यात तुमचं. या ना. अगं, चहा टाक!”

त्याचे नाव विशाल. नांदगावकडचा. तोही रुळांवर काम करत होता. त्याची बायको दारातून म्हणाली, “आत या ना, घर तुमचंच हाय.” बाबा म्हणाले, “नको पोरी, ओट्यावर बरं वाटतं.” ते आत गेले नाहीत. मीही गेलो नाही. दारातून मला स्वयंपाकाच्या खोलीची खिडकी दिसली. ती मागे रुळांकडे उघडते. बाबांचा टप्पा परतीला त्या खिडकीमागून जायचा. तिथे आले की ते रुळावर हातोड्याचे तीन टोले द्यायचे, आणि आई तवा चुलीवर ठेवायची. बाबा घरी पोचेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असे. तीन टोल्यांनंतर मला पुस्तक मिटावे लागायचे, म्हणून मला त्या टोल्यांचा राग यायचा. आता त्या खिडकीत प्लॅस्टिकची बाटली आणि मनीप्लँट होता.

चहा घेऊन आम्ही मागच्या कुंपणापर्यंत गेलो. बाबा दोन्ही हात तारेवर ठेवून उभे राहिले. रूळ रिकामे होते. विशाल काहीतरी सांगत होता, आणि एकदम आमच्या समोरून एक गाडी निघून गेली. विजेचे इंजिन, मागे वीसेक डबे. इंजिन अगदी पुढ्यात आले, तेव्हा कुठे बाबा दचकले. चहा त्यांच्या हातावर सांडला.

शेवटचा डबा नजरेआड झाला.

“ऐकू आली नाय मला,” ते म्हणाले.

“कुणालाच येत नाय, काका,” विशाल म्हणाला. “आता सगळ्याच अशा. आम्ही काम करतो तवा एक माणूस नुसता बघायला उभा असतो. त्यानं हातात हातोडा धरायचाच नाय. शिट्टी अन् झेंडा. त्यानं बघायचं, आम्ही ठोकायचं.”

“म्हणजे नुसतं बघायची पण ड्युटी हाय.”

“लय अवघड ड्युटी हाय, काका. जांभई द्यायची बी चोरी.”

बाबांनी मान डोलावली. त्यांनी हाताला लागलेला चहा पँटला पुसला आणि म्हणाले, “चल मिलिंद. पोराची सुट्टी खाल्ली आपण.” निघताना त्यांनी द्राक्षांचा फुकट मिळालेला घड विशालच्या बायकोला दिला. तिने तो कपाळाला लावून घेतला.

परतीला चांदवडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मी गाडी छान पळवली. खरे सांगतो, तशी ती मी कधीच चालवली नव्हती. ऊस भरलेल्या ट्रॉलीला मागे टाकताना तिने इतक्या सहज ओढ घेतली की मला वाटले, ही देणे मूर्खपणा आहे. दर पंधरा दिवसांनी असे निघायचे. दिवा लागो, न लागो. मनात मी सोमवारचा फोनही करून टाकला होता, दुकानदाराला नाही सांगण्याचा.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “उद्या देऊन टाक ही.”

“का? तुम्हीच तर निवडली होती.”

“मी माझ्या कानानं निवडली. चालवायची तुला होती. रोज चार किलोमीटर जायचं अन् हिला घरी आणून बांधायचं. पळणारं जनावर हाय रे हे. आपल्या दारात कुढतंय.”

“मग मनमाड?”

“तवा तुझी आई होती, म्हणून तू मनमाडला जात होतास. गाडी होती म्हणून नाय.” मग म्हणाले, “यावं वाटलं तर येऊ की पेट्रोलवर. दिव्याचं निमित्त कशाला पाहिजे?”

मी गाडी चालवत राहिलो. समोरचा रस्ता थोडा धूसर झाला होता, म्हणून वेग कमी केला. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवले, मला सवड द्यावी तसे.

सोमवारी शाळा सुटल्यावर गाडी पाथर्डी फाट्यावर नेली. देण्याआधी सीटवरचे प्लॅस्टिक काढले. खालचे कापड नव्यासारखे होते, कोणी कधी बसलेच नसावे असे. आई आठ महिन्यांत सहा-सात वेळा त्या पुढच्या सीटवर बसली होती, पण प्लॅस्टिकवर बसली होती. खाली तिची कुठलीच खूण राहिलेली नव्हती. दुकानदाराला मात्र फार आनंद झाला. “सर, किती जपलीत हो!” तो म्हणाला.

पेट्रोल गाडी चांगली आहे. सुजाता म्हणत होती ते बरोबर होते, आणि हे मी तिला सांगितलेही. शहरात ती हलकी चालते, गॅरेजला जावे लागत नाही, नव्या सीटवरचे प्लॅस्टिक मी पहिल्याच दिवशी फाडले. मनमाडला आम्ही त्यानंतर दोनदा जाऊन आलो. एकदा सुजाताही आली आणि विशालच्या बायकोने तिला शेवग्याच्या शेंगा दिल्या. बाबा आता दूध स्वतः आणतात. ज्या घरात मी वाढलो तिथे परत जाता येत नाही, हे मला पटले आहे. पण त्या वाटेवर वडिलांना शेजारी घेऊन जाता येते, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती सुजाताने सांगितली. माझी डिझेल गाडी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी वळली की बाबांना तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची, आणि ते उठून माझ्यासाठी चहाचे आधण ठेवायचे. मी वर पोचायचो तेव्हा चहा तयार असायचा. तो रोज सुजाता करते असे मी इतके दिवस समजत होतो.

नवी गाडी त्यांना ऐकू येत नाही. मी रोज साडेपाचला गिरणीपाशी वळतो आणि वर बघतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बाबा उभे असतात. दोन्ही हात कठड्यावर, नजर रस्त्यावर. पाच वाजल्यापासून उभे असतात, असे सुजाता म्हणते. मी दिसलो की ते आत जातात.